पंधरा प्रश्नांमागची शंभर वर्षे

आम्ही जित्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मुंबई-गोवा रस्त्यावर खारपाडा ओलांडून पेणकडे येताना आमचं गाव लागतं. आपट्याच्या पुढचं स्टेशनही आमचंच. मागच्या वेळी आम्ही पोह्याच्या पापडांच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. आज लायसनबद्दल बोलायचंय, आणि त्याच्या आजच्या खटपटीपेक्षा त्याच्या मागच्या गोष्टीबद्दल जास्त.

झालं असं. गटाच्या पैशातून आम्ही एक जुनी स्कूटी घेतली. पापड पेणच्या बाजारात न्यायचे, हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवायला जाणाऱ्या दोघीतिघींनी ती आळीपाळीने वापरायची, असं ठरलं. गाडी दारात आली तेव्हा ध्यानात आलं की आमच्यापैकी एकीकडेही लायसन नाही. मग चौघींनी शिकाऊ परवान्याचे फॉर्म भरले. आपल्या राज्यात २०२१ पासून ही पहिली परीक्षा आधार क्रमांकावरून घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यायला हवेत, आणि मराठीतून देता येते.

एकीचा भाचा म्हणाला, "मामी, तुम्ही नुसत्या मोबाईलसमोर बसा. उत्तरं मी बाजूनं सांगतो. पाच मिनिटांचं काम."

खरं सांगतो, आम्हाला मोह झाला. भातलावणी तोंडावर आली होती. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात वडील बाई म्हणाली, "उत्तरं तो देईल गं, पण हायवेला गाडी कोण चालवणार? तोच का?" सगळ्या गप्प झाल्या. मग तिनेच पुढचा प्रश्न केला, "आणि हे नियम केले तरी कोणी? आपल्याला त्रास द्यायला केलेत का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता पावसाळ्याचा एक महिना गेला. जे सापडलं ते तुम्हाला सांगतोय.

मोटारीच्या गोष्टीत पहिल्या लांबच्या प्रवासाचं नाव एका बाईचं आहे. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या माणसाने मोटार बनवली होती, पण ती लांब पल्ल्याला जाईल यावर लोकांचा विश्वास नव्हता. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन गाडीवर बसली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. वाटेत पेट्रोल पंप कुठला! इंधन तिने औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून साफ केली. ब्रेकची लाकडं झिजली तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे गाडीचा पहिला मोठा प्रवास माहेरच्या ओढीने झाला आणि वाटेतली दुरुस्तीही बाईनेच केली. तेव्हा "गाडी म्हणजे पुरुषांचं काम" असं कोणी म्हटलं, तर ही गोष्ट त्याला सांगा.

त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. आता दुसऱ्या बाईची गोष्ट ऐका. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर एका जत्रेला चालली होती. समोरून मोटार आली. बाईने आयुष्यात असली गाडी क्वचितच पाहिली असेल. ती गोंधळली, जागीच थांबली, आणि गाडीखाली सापडून मेली. इंग्लंडात मोटारीखाली मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचं नाव नोंदलं गेलं. गाडी फार वेगात नव्हती. पण चालवणाऱ्याला परवाना लागत नव्हता, त्याची परीक्षा कोणी घेतली नव्हती, आणि रस्त्यावर चालणाऱ्या बाईने काय करायचं तेही कोणी शिकवलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ह्या दोन बाया आम्ही एकमेकींच्या शेजारी ठेवल्या. एक गाडीवर बसलेली, एक गाडीसमोर आलेली. पेणच्या बाजारातून परत येताना आपणही सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरी. कायदा ह्या दोघींच्या मधल्या जागेत जन्मला.

पण तो एकदम जन्मला नाही. इंग्लंडात १९०३ साली परवाना आला, तोही परीक्षेविना. पैसे भरा आणि कागद घ्या. सगळ्या नव्या चालकांना परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडलं. मधली तीस-बत्तीस वर्षं लोक न शिकता गाड्या हाकत होते आणि माणसं मरत होती. आमच्या भाच्याने सुचवलं होतं ते जवळपास हेच, की कागद मिळावा आणि शिकणं टळावं. जगाने तो प्रयोग करून पाहिला आहे, आणि त्याची किंमत भरलीही आहे.

आपल्या देशात पहिला मोटार वाहन कायदा १९१४ सालचा. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर परवाना हवा आणि वय अठरा हवं, ही गोष्ट तेव्हापासूनची. त्या काळी आमच्या भागात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, मोटार दिसली की पोरं मागे धावत. माल बैलगाडीतून जाई, नाहीतर खाडीतून मचव्याने. बैलाला लायसन लागत नव्हतं. गाडीवान झोपला तरी बैल घरी आणून सोडायचा. मोटारीत तेवढी अक्कल नाही, म्हणून चालवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते.

मग १९३९ साली मोठा कायदा आला. परीक्षेत काय काय बघायचं आणि रस्त्यावरच्या खुणा कशा असायच्या, हे त्यातल्या परिशिष्टांत लिहून काढलं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यात होती, ती १९४६ पासून लागू झाली. दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा गाडीमालकाने उतरवलाच पाहिजे. थर्ड पार्टी विमा म्हणतात तो हाच. "थर्ड पार्टी" म्हणजे कोण, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. तर ती म्हणजे ब्रिजेट ड्रिस्कॉल. रस्त्याने चालणारी, गाडीशी काही संबंध नसलेली बाई. तिच्या मागे राहिलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न कायद्याने विचारायला पन्नास वर्षं घेतली.

स्वातंत्र्यानंतर रस्ता गरिबाच्या दारात आला तो लाल डब्यातून. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. गावोगावच्या पोरी हायस्कूलला गेल्या, बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, त्या ह्या गाडीमुळे. आमच्याकडे रेल्वे आपट्याच्या पुढे रोह्यापर्यंत आली १९८६ साली. पण एस.टी. काय आणि रेल्वे काय, दुसरा नेईल तेव्हा जायचं. स्वतःच्या वेळेने जायचं तर आपली गाडी हवी.

ती गाडी बाईच्या हातात यायला एका लहानशा यंत्राची मदत झाली. १९७२ साली कायनेटिक कंपनीची लूना आली. पन्नास सी.सी.चं इंजिन, गिअर नाहीत, आणि गरज पडली तर पायडल मारता येई. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टात काम करणाऱ्या बाया लूनावर दिसू लागल्या. पुढे बटणाने सुरू होणाऱ्या स्कूटर आल्या आणि किक मारायची कटकटही गेली. आजही परवान्यात "गिअर नसलेली दुचाकी" असा वेगळा वर्ग आहे. फॉर्म भरताना तो नीट बघा. आमच्या एकीने घाईत भलत्याच वर्गावर खूण केली होती.

आता चालू कायद्याकडे येऊ. तो १९८८ सालचा, १ जुलै १९८९ पासून लागू, आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याच्याबरोबर १९८९ सालचे केंद्रीय नियम आहेत. त्या नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम आम्ही वाचला तेव्हा अंगावर काटा आला. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं आवरण पाहिजे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. सोबत धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो हा. "कपडे" असं कायदा म्हणतो, पण चाकात जातो तो कोणाचा पदर, कोणाची ओढणी, हे आपल्याला माहीत आहे. आमच्या ओळखीतली एक बाई अशीच गेली. लग्नाहून परतताना पदर चाकात गेला. त्या गाडीचं साडीगार्ड काढून टाकलं होतं, गाडी दिसायला बरी दिसते म्हणून.

त्या दिवशी आम्ही आमच्या जुन्या स्कूटीला खाली बसून नीट पाहिलं. चाकावरचं आवरण सैल होतं. सगळ्यात आधी ते बसवून घेतलं, पापड नंतर.

मग आम्ही प्रश्नांची उत्तरं पाठ करायचं सोडलं आणि प्रत्येक नियमाला "का?" विचारू लागलो. तुम्हीही असंच करा, फार सोपं जातं.

खुणांचं घ्या. गोल खूण म्हणजे हुकूम, पाळलाच पाहिजे. तांबड्या काठाचा त्रिकोण म्हणजे इशारा, पुढे वळण आहे, शाळा आहे, फाटक आहे. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना किंवा पेट्रोल पंप. आकार वेगवेगळे, कारण अक्षर न वाचताही समजलं पाहिजे. "थांबा" ही खूण अष्टकोनी, आणि "आधी समोरच्याला जाऊ द्या" ही खूण उलटा त्रिकोण. ह्या आकारांच्या दुसऱ्या खुणा नाहीत. चिखल उडालेला असो वा अंधार असो, कडा पाहून ओळखता येतात.

आमच्यातली एक बाई चौथीपर्यंत शिकलेली. "शाळेचा दाखला मागतील, आपलं काही जमणार नाही," म्हणून ती फॉर्मच भरत नव्हती. मैत्रिणींनो, स्वतःच्या वापराच्या गाडीच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. भाड्याने गाडी चालवणाऱ्यांना आठवी पासची अट होती, तीही २०१९ साली काढून टाकली. ह्या बाईला खुणा आमच्या सगळ्यांच्या आधी पाठ झाल्या. रांगोळीचे आकार ध्यानात ठेवणारीला त्रिकोण-चौकोन काय अवघड? प्रश्न वाचायला मात्र वेळ लागायचा, आणि परीक्षेत एकेका प्रश्नाला मोजके सेकंद असतात. म्हणून रोज रात्री जेवणं झाली की ती मोठ्याने वाचायची आणि आम्ही ऐकायचो.

वेगाचं गणित आम्ही रस्त्याकडेला उभं राहून केलं. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण २२ मीटर येते. डोक्यावर पाटी घेऊन एका बाजूच्या दोन पट्ट्या ओलांडायला आम्हाला सहा सेकंद लागले. सहा सेकंदांत ती गाडी १३० मीटरच्या पुढे येते. म्हणजे "लांब आहे, जाऊ पटकन" असं आपल्याला वाटतं तेव्हा ती लांब नसते. आणि आपण गाडीवर असू, तर पाटीवाली बाई आपल्यालाही अशीच उशिरा दिसणार. पनवेल ते इंदापूर ह्या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं आणि दहा वर्षांहून जास्त रेंगाळलं. त्या काळात वळसे, खड्डे, अर्धवट पूल सगळं आपण सोसलं. आता रस्ता रुंद झाला तसे वेग वाढले. रुंद रस्ता बाईला जास्त वेळ देत नाही, कमी देतो.

हेल्मेटबद्दल आमच्यात वाद झाला. "अंबाड्यावर बसत नाही," "इथून पेणपर्यंतच तर जायचंय." मग आकडा पाहिला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, आणि हेल्मेट नसल्यामुळे गेलेले सुमारे ५० हजार. आमच्या पेण शहरापेक्षाही ही संख्या मोठी आहे. कायदा म्हणतो, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. अंबाडा खाली बांधायचं ठरलं. वाद मिटला.

खरा वाद पुढे झाला. एकीचा सोळा वर्षांचा मुलगा गटाची स्कूटी घेऊन दूध आणायला जायचा. "गाडी मस्त चालवतो," अशी सगळ्यांची कबुली. पण २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ आम्ही वाचलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक आणि गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सी.सी.पर्यंतच्या गाडीचा. आमची स्कूटी त्याहून मोठी. त्याची आई रडली, म्हणाली, "माझ्या पोरावर विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्न नव्हता. त्याच्या हातून कोणी मेलं तर त्या घराला नुकसानभरपाई कुठून द्यायची? परवाना नसलेला चालक असेल तर विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. बारा बायांची बचत एका सकाळीत जाईल. किल्ली आता पाळीप्रमाणे गटातल्या बाईकडेच असते. ती आई दोन बैठकींना आली नाही. आता येते.

हायवेच्या गावाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. अपघात झाला की आधी धावतो तो गावातला माणूस. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या, तेव्हाही आधी हाका मारून गाड्या थांबवणारा जवळच्या गॅरेजातलाच माणूस होता. पण एरवी लोक जखमीला हात लावायला घाबरतात. पोलीस चौकशी मागे लागेल, असं वाटतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना पक्क्या केल्या, आणि २०१९ साली कलम १३४अ म्हणून ते कायद्यात आलं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. तेव्हा १०८ ला फोन करा आणि जवळ थांबा. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी घर रिकाम्या हाताने राहात नाही. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर इजा झाल्यास पन्नास हजार भरपाई आहे. ही माहिती तुमच्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणि हे सगळं आपल्याला झेपेल का, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तीन गोष्टी. परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत १९८९ साली लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. पुढे त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, आणि २०२३ साली वंदे भारतही. त्याच २०२३ साली एस.टी.च्या स्टिअरिंगवरही बाई बसली. लाल डबा पहिल्यांदा धावला त्याला पंचाहत्तर वर्षं झाल्यावर. उशीर झाला, पण बसली.

आमचं काय झालं ते सांगून थांबतो. चौघींनी परीक्षा दिली, एकेकटीने, दार लावून. भाचा अंगणात बसला होता. तिघी पास झाल्या. चौथीपर्यंत शिकलेलीचे दहा बरोबर आले. जी नापास झाली ती आमच्यातली पदवीधर. घाईत प्रश्न पुरता वाचला नाही, असं तिनेच सांगितलं. ती परत बसणार आहे.

आता गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल लावलाय. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. रायगडचा एम.एच. ०६ क्रमांक देणारं कार्यालय पेणलाच आहे, तिथे गाडी चालवून दाखवायची. तोवर शाळेच्या मैदानात चुन्याने आठचा आकडा आखून आम्ही रोज संध्याकाळी फेऱ्या मारतो. पाय टेकला की सगळ्या ओरडतात.

तुमच्या गावात कोणी शिकत असेल तर तिला उत्तरं सांगू नका. प्रत्येक नियम कोणासाठी झाला, ते विचारा.

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा. नमस्कार.